शाहजहानच्या छावणीतील दुष्काळ

सभापती महोदय, मंडळाचे पदाधिकारी आणि श्रोतेहो,

१६३० हे साल आपल्याला शिवजन्माचे म्हणून ठाऊक आहे. त्याच वर्षी दख्खन आणि गुजरातेत पावसाने दगा दिला, पुढच्या वर्षी गुजरातेत अतिवृष्टीने पिके वाहून नेली, आणि १६३२ पर्यंत या मुलखात माणसे अन्नावाचून मरत राहिली. मात्र अवर्षण हे या संहाराचे अर्धेच कारण होते, असे मला वाटते.

बंडखोर सरदार खानजहान लोदी आणि त्याला आश्रय देणारी निजामशाही यांचा बीमोड करण्यासाठी शाहजहान बादशहा मार्च १६३० मध्ये बुऱ्हाणपुरास आला आणि दोन वर्षे तेथेच राहिला. सैनिक, घोडे, हत्ती आणि बाजारबुणगे यांच्या या लवाजम्याला लागणारे धान्य लमाणांच्या तांड्यांतून येई. सुरतेहून आग्र्यास निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने वाटेवरची बेवारस प्रेते पाहिली आणि लष्करासाठी चाललेल्या धान्याचीही नोंद केली.

दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने तर पिठात मृतांच्या हाडांची पूड मिसळून विकली जात असल्याचे लिहिले आहे. धन्याची स्तुती करण्यासाठी नेमलेल्या माणसाने हे लिहावे, यावरूनच परिस्थितीची कल्पना यावी. बुऱ्हाणपुरात लंगर उघडले गेले, वीस आठवडे दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले गेले आणि सुमारे सत्तर लाखांचा महसूल माफ झाला, हेही तोच सांगतो. पण दानाची एकूण रक्कम एक लाख भरते, आणि माफ झालेला सारा ओसाड गावांतून वसूल तरी कसा झाला असता? येथे ताजमहालाच्या खर्चाचा दाखला हमखास दिला जातो, तो मला गैरलागू वाटतो, कारण ते काम १६३२ च्या सुमारास सुरू झाले. त्याआधीच धान्य छावणीने खाल्ले होते.

देहूच्या तुकोबांचा व्यापार याच काळात बुडाला. आपली एक पत्नी ‘अन्न अन्न’ करीत गेली, हे त्यांनीच अभंगात सांगितले आहे. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळले. पुढे शहाजीराजांचे कारभारी दादोजी कोंडदेव यांनी परागंदा झालेल्या कुळांना परत बोलावले, पहिली काही वर्षे नाममात्र सारा घेऊन तो टप्प्याटप्प्याने वाढवला, आणि पुणे परगण्यातील पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली आली.