पिल्लं उचलण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. चाळीच्या जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, झाकून ठेवलेल्या स्कूटरखाली मांजरीची पिल्लं दिसतात आणि आई कुठेच दिसत नाही. मग कळवळून कुणीतरी ती उचलून घरी आणतं. कृपा करून एवढी घाई करू नका. पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुपटी-तिपटीनं खायला लागतं. ते शोधायला ती तासन् तास बाहेर असते. आणि तुम्ही तिथेच उभे असाल तर ती जवळ येणारच नाही.

आधी पिल्लांकडे पाहा. पोट गोल, अंग उबदार, एकमेकांवर गाढ झोपलेली असतील तर आई पाजून गेली आहे. शंका असेल तर पिल्लांच्या जागेपासून हातभर अंतरावर पिठाचा पातळ थर पसरा आणि चार-पाच तासांनी पंजे उमटलेत का बघा. पीठ पिल्लांजवळ नको, मुंग्या येतात.

आई पिल्लांना सारखी चाटते, त्यात नुसती स्वच्छता नसते. पहिले तीन आठवडे पिल्लांना आपणहून शी-शू करता येत नाही, तिच्या जिभेच्या स्पर्शानंच ती होते. पहिल्या दिवसाच्या चिकातून त्यांना रोगांशी लढायचं बळ मिळतं. ते आपण बाटलीतून देऊ शकत नाही.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आकड्याचं सोडा, कारणं खरी आहेत: बोक्याचा वास, माणसांची वर्दळ, पावसाचं शिरलेलं पाणी. एकेक पिल्लू मानेला धरून नेते, तेव्हा मागे राहिलेलं पिल्लू टाकून दिलेलं नसतं; त्याची पाळी यायची असते. माणसाचा हात लागला म्हणून ती पिल्लू टाकते, हा समजही बहुतेक वेळा खोटा ठरतो.

खरी काळजी केव्हा करायची? पिल्लू गार पडलंय, पोट खपाटीला गेलंय, सारखं रडतंय; किंवा आईनं एकच पिल्लू बाजूला सारलंय. गार पिल्लाला आधी दूध पाजू नका, ते पचत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, सरकायला जागा ठेवून हळूहळू ऊब द्या. नंतर पिल्लांसाठीची दूधपावडर, दर दोन-तीन तासांनी, पालथं धरून. उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. गाईच्या दुधानं जुलाब लागतात आणि एवढासा जीव त्यातच जातो.

आईकडेही लक्ष असू द्या. स्तन लाल, कडक, गरम झाले किंवा ती थरथरायला लागली, पाय ताठ झाले, तर वाट बघू नका. थरथर बहुधा कॅल्शियम घटल्यानं होते आणि काही तासांत जिवावर बेतते. जवळचे जनावरांचे डॉक्टर गाठा, नाहीतर मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल.

पिल्लं दोन महिन्यांची होऊन दूध सुटलं की तिची नसबंदी करून घ्या. पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून तोवर तिला बोक्यांपासून दूर ठेवा.