नकाशातला हिरवा रंग

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: सकाळ. बांधकामाची मोकळी जागा. पोकलेन मातीचा वरचा थर खरवडतोय.]

गृहप्रकल्पाच्या नकाशात इमारतींच्या मधली जागा हिरवी रंगवलेली असते. चित्रात तिथे सावली असते, मुलं असतात, बाकावर कुणीतरी वाचत बसलेलं असतं. त्या जागेत खरंच बाग होणार का, हे बऱ्याचदा आजच ठरतं. अजून एक रोपही आलेलं नाही. आलाय तो फक्त पोकलेन.

तो खरवडतोय तो वीतभर काळसर थर नीट पाहा. चांगल्या मातीत निम्मी तर पोकळीच असते. ढोबळमानाने पाव हिस्सा हवा आणि पाव हिस्सा पाणी. उरलेल्या निम्म्यात खनिजाचे कण आणि थोडासा कुजलेला पालापाचोळा. मुळांना श्वास घ्यावा लागतो, आणि तो याच पोकळीतल्या हवेतून. मग या मातीवरून सिमेंटचे मिक्सर जातात, सळयांचे ढीग पडतात, वर्ष-दोन वर्षं चाकं फिरत राहतात. पोकळी मिटते. माती दिसायला तीच, पण पहार मारली तर टणत्कार होतो.

[दृश्य: राडारोड्यावर पसरलेली पातळ माती. वरून लॉनच्या गुंडाळ्या उलगडल्या जातायत.]

ताबा द्यायची वेळ आली की त्या टणक जमिनीवर चार बोटं माती पसरतात आणि वरून लॉन अंथरतात. त्या दिवशी सगळं हिरवंगार दिसतं. मग हळूहळू लॉनला टकलं पडतात, झाडं खुरटतात, पाणी साचून राहतं. दोष माळ्याला दिला जातो. मला हे फार अन्यायाचं वाटतं, कारण जमीन बिघडली तेव्हा माळी तिथे नव्हताच.

उपाय अवघड नाही, फक्त तो पहिल्या दिवशी करावा लागतो. वरची माती वेगळी काढायची, बुटक्या ढिगांत ठेवायची आणि काम संपल्यावर परत पसरायची. ढीग फार उंच केला तर तळाशी हवा पोचत नाही आणि मातीतले जीव गुदमरतात. जी मोठी झाडं राखायची आहेत, त्यांच्याभोवती कुंपण घालायचं. तेही बुंध्याला चिकटून नको. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. बुंध्याला पोतं गुंडाळलं आणि मुळांवर ट्रक उभा केला, तर झाड वाचवल्याचं समाधान तेवढं मिळतं. झाड पुढच्या काही वर्षांत वाळत जातं.

[दृश्य: तळघरातलं पार्किंग. कॅमेरा छताकडे वळतो.]

आता वर बघा. या स्लॅबच्या डोक्यावर बाग आहे. भिजलेली माती घनमीटरला जवळजवळ दोन टन भरते. म्हणजे मीटरभर खोल माती हवी असेल, तर स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरने दोन टन पेलायला हवेत. हा हिशोब खांब उभे राहण्याआधी व्हावा लागतो. लँडस्केप आर्किटेक्टला, म्हणजे बागेची आणि मोकळ्या जागेची आखणी करणाऱ्याला, स्लॅब पडल्यावर बोलावलं, तर त्याच्या हाती कुंड्याच उरतात.

[दृश्य: पाऊस. छपरावरून धावणारं पाणी, पन्हाळी, वाहणारं गटार.]

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस मीटरचं छप्पर घ्या आणि 25 मिलिमीटरची एक सर. पंचवीस हजार लिटर. रस्ते आणि फरसबंदी अजून मोजलीच नाही. हे पाणी जायचं कुठे?

नेहमीचं उत्तर म्हणजे पाइप. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत, सॉमरसेट नावाच्या वसाहतीत वेगळा प्रयोग झाला. घरोघरच्या अंगणात उथळ, खोलगट वाफे केले. छपराचं आणि रस्त्याचं पाणी उताराने त्यात आणलं. तळाला निचऱ्याची माती आणि वर अशी झाडं, ज्यांना काही तास पाण्यात उभं राहायलाही चालतं आणि नंतर कोरडं पडलं तरी चालतं. पाणी साचतं, मुरतं, जमिनीत उतरतं. आज जगभर अशा वाफ्यांना रेन गार्डन म्हणतात. बघणाऱ्याला तिथे फुलंच दिसतात. काम चाललेलं असतं ते उताराचं, आणि दोन-चार सेंटिमीटरांनी उतार चुकला तर पाणी वाफ्याला वळसा घालून निघून जातं.

[दृश्य: उंच इमारतींच्या पायथ्याशी रिकामं, गुळगुळीत फरशीचं प्रांगण. मग एक गजबजलेला छोटा बगीचा.]

1961 मध्ये न्यूयॉर्कने नियम केला: इमारतीपुढे लोकांसाठी प्रांगण सोडा, त्या बदल्यात जास्तीचं बांधकाम करा. प्रांगणं झाली. बरीचशी ओसाड राहिली. शहरातल्या सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी 1970 च्या दशकात कॅमेरे लावून तासन्‌तास माणसं पाहिली. त्यांना सापडलेली गोष्ट ऐकायला किती साधी आहे: जिथे बसायला जागा असते, तिथे लोक बसतात. 1975 मध्ये शहराने नियम बदलले आणि प्रांगणात बसायची सोय सक्तीची केली.

त्याच शहरात 1967 मध्ये पेली पार्क उघडलं. क्षेत्रफळ जेमतेम 390 चौरस मीटर. त्याचे लँडस्केप आर्किटेक्ट रॉबर्ट झायन यांनी मागच्या भिंतीवरून पाण्याचा पडदा सोडला, त्या आवाजात रस्त्याची वर्दळ बुडून जाते. झाडं विरळ पानांची निवडली, म्हणजे ऊन गाळून खाली येतं. आणि खुर्च्या जमिनीला जखडल्या नाहीत. व्हाइट यांच्या चित्रणात दिसतं, माणूस खुर्ची दोन-चार इंच सरकवतो आणि मगच बसतो. बहुतेकदा सरकवायची काही गरज नसते. पण तेवढ्याने ती जागा त्याची होते. सार्वजनिक जागेचं मर्म मला या दोन-चार इंचांत दिसतं.

[दृश्य: लॉनवरून तिरकी गेलेली, पावलांनी पाडलेली वाट.]

या वाटेवर ‘लॉनवर चालू नये’ अशी पाटी लावता येईल. त्यापेक्षा इथेच फरशी घातलेली बरी. लोकांनी रेघ आखून दिली आहे.

[दृश्य: खाजगी घर. खिडकीतून दिसणारी छोटी बाग.]

घरच्या बागेचा आराखडा घराच्या आतून सुरू करावा, कारण ती सर्वांत जास्त खिडकीतूनच पाहिली जाते. शक्य असेल तर वर्षभर काही लावू नये. ऊन कुठल्या महिन्यात कुठवर येतं, पाणी कुठे थांबतं, वारा कुठून घुसतो, हे लिहून ठेवावं. मग सारख्या तहानेची झाडं एकत्र लावावीत. उघड्या मातीवर पाचोळ्याचं आच्छादन द्यावं, मात्र बुंध्यापासून थोडं लांब, नाहीतर साल कुजते.

[दृश्य: कागदावर आठ मीटर व्यासाचं वर्तुळ. मग प्रत्यक्षात अंगठ्याएवढ्या बुंध्याचं रोप.]

नकाशात झाड काढतात ते पूर्ण वाढलेलं. खड्ड्यात जातं ते हे. मधल्या वर्षांचं चित्र कुणीच काढत नाही, म्हणून त्यांची तरतूदही होत नाही. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, बांधलेली दोरी सालीत रुतण्याआधी सैल कोण करणार, हे ठरवलेलं नसेल तर बाकीचं रेखाटन वाया जातं.

[दृश्य: माळी दोरी सोडतो, आधाराची काठी उपसतो. वारा येतो.]

एक वर्ष झालं. मुळं धरली आहेत, काठी काढली. आता झाड वाऱ्यावर हलेल, आणि हलत राहिल्यानेच त्याचा बुंधा भरेल.

[झाड हलत राहतं. आवाज फक्त वाऱ्याचा.]