सहा फुटांची फळी, दोन सांधे

(दृश्य: प्लायवुडची फळी. तिच्यावर कागदाचे तुकडे सरकवणारा हात.)

ही फळी सहा फूट लांब, एक फूट रुंद. नाशिकरोडला, जेलरोडवरच्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या बरोब्बर वर. प्रेसमधून निवृत्त झालेल्या काकांना हिच्यावर मालगाडीचं छोटं मॉडेल यार्ड वसवायचंय. रूळ यायचेत. सांधे आलेत, पण कागदाचे.

एका रुळाचे दोन रूळ जिथे होतात तो सांधा. मॉडेलवाले त्याला टर्नआउट म्हणतात, पॉइंट म्हणतात. काका सांधाच म्हणतात. त्यांचे वडील इगतपुरीला सांधेवाले होते.

(दृश्य: कसारा घाट, पाऊस, मागून रेटा देणारी इंजिनं.)

37 फुटांमागे एक फूट चढ. या घाटात अवजड गाडीला आजही मागून रेटायला जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. पूर्वी आणखी एक भानगड होती. मुंबईकडून येणारी डीसी वीज इगतपुरीला संपायची, पुढे एसी. त्यामुळे इंजिन बदला. एक काढायचं, बाजूला न्यायचं, दुसरं आणायचं आणि दर वेळी सांधे फिरवायचे. प्रवासी तेवढ्यात वडापाव खाऊन घ्यायचे. खटका ओढणाऱ्या माणसाकडे कोण बघतंय?

(दृश्य: पुन्हा फळी. स्टीलची पट्टी, पेन्सिल.)

काकांचं मॉडेल एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याचा 87 वा भाग. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजचा हिशेब केला तर ते एकोणीसच्या वर जायला हवं. इथे काका डोळा मिटतात, आपणही मिटूया.

रेल्वे सांध्याचं माप ‘एकास अमुक’ असं सांगते. यार्डात एकास साडेआठ, प्रवासी गाड्यांच्या मार्गावर एकास बारा. आकडा मोठा तेवढा फाटा निमुळता, आणि सांधा लांब. एकास बाराचा खरा सांधा साधारण 40 मीटरचा. 87 ने भागा: 46 सेंटिमीटर. एकाच सांध्यात फळीची पाव लांबी संपली!

म्हणून तडजोड. इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यातली पेको कंपनी आपल्या मॉडेल सांध्यांचे मूळ मापाचे आराखडे छापून घ्यायला देते. तेच हे कागद. लहान, मध्यम, मोठा. लांबी 185, 219 आणि 258 मिलिमीटर. गंमत म्हणजे तिघांचा फाटा एकाच कोनात निघतो, 12 अंशांत. फरक फक्त आतल्या वळणाचा.

(दृश्य: नात जमिनीवर बसून कात्री चालवतेय.)

पहिल्या दिवशी मोठे सांधेसुद्धा ऐसपैस बसले. काका खूश. मग नातीनं पट्टी लावली.

“आजोबा, हा 258 चा म्हणालात ना? हा तर 245 भरतोय.”

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला होता. सगळे आराखडे आकसलेले. परत प्रिंट, परत कात्री.

(दृश्य: कागदी सांध्यांवर पुठ्ठ्याच्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे.)

यार्डाची आखणी काकांची नाही. ती अॅलन राइट या इंग्रज मॉडेलकाराची. नाव इंगलनुक. दोन सांधे, तीन फाटे. एका फाट्यावर पाच वाघिणी मावतात, बाकी दोन्हींवर तीन-तीन. आणि सांध्यांच्या अलीकडे इंजिन अधिक तीन वाघिणी उभ्या राहतील एवढा रूळ.

आता मोजा. कोळशाची बॉक्सएन वाघीण या मापात 12.3 सेंटिमीटर. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडे जाणारी, नाशिककरांच्या ओळखीची. काकांनी त्या पुठ्ठ्याच्या केल्यात, रिव्हेट टाचणीनं उठवलेत. अलीकडे इंजिन आणि तीन वाघिणी: 52 सेंटिमीटर. पलीकडे पाच वाघिणी: साडेएकसष्ट. शेजारच्या वाघिणी घासू नयेत म्हणून फाउलिंगची जागा, दहा. राहिले दोन सांधे. मोठे घेतले तर फळीवर आठ सेंटिमीटर उरतात, दोन्ही टोकांना गाडी अडवणाऱ्या बफरना ते पुरायचे नाहीत. लहान घेतले तर बावीस उरतात. मध्यम घेतले तर सोळाच्या आसपास.

लहान का नको? मध्यमच्या तुलनेत दोन सांध्यांत मिळून वाचतात जेमतेम सात सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वाघीण. तेवढ्यासाठी 914 मिलिमीटर त्रिज्येचं वळण 610 वर आवळायचं? मागे ढकलताना वाघिणी तिरक्या होतात, कपलिंग एकमेकांना रेटतं, वाघीण रुळाखाली. शंटिंगमध्ये, म्हणजे वाघिणी मागेपुढे करून गाडी लावण्यात, अर्धा वेळ ढकलण्यातच जातो. आम्ही मध्यमच्या बाजूचे आहोत, लपवत नाही.

(दृश्य: अगदी जवळून. सांध्याचं टोक. इंजिन येतं आणि थांबतं.)

हे बघा. हा काकांचा जुना सांधा. जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, त्या जागेला मॉडेलवाले फ्रॉग म्हणतात. मॉडेल इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते; इथे फ्रॉग प्लॅस्टिकचा आहे, वीज नाही. सहा चाकांचं छोटं इंजिन, चाल गोगलगायीची. चाक प्लॅस्टिकवर आलं आणि इंजिन मेलं.

(दृश्य: बोट येतं, इंजिनाला टोचतं.)

या बोटाला आमच्या युनिटनं नाव दिलं ‘बँकर’.

उपाय म्हणजे धातूचा फ्रॉग. पण त्याची एक मागणी असते. गाडी सरळ जाणार असेल तर फ्रॉगला एका बाजूच्या रुळाची वीज हवी, फाट्याला वळणार असेल तर दुसऱ्या. म्हणजे सांधा फिरला की वीजही फिरली पाहिजे. त्यासाठी मोटर मिळते, पण फळीखाली चार बोटं खोल डबा लटकतो. खाली सोफा, सोफ्यावर पाहुण्यांची डोकी.

(दृश्य: सायकलचा स्पोक, प्लॅस्टिकची नळी, करवतीचा आवाज.)

काकांनी सायकलचा स्पोक घेतला. तो नळीतून फळीच्या पुढच्या काठापर्यंत आणला, टोकाला लाकडी मणी. स्पोकचं दुसरं टोक सांध्याच्या हलत्या पट्टीत. मधे, महात्मा गांधी रोडवरून आणलेला इवलासा स्लाइड स्विच. त्याच्या दांडीला भोक पाडून स्पोक त्यातूनच ओवलाय. मणी ओढला की पाती, म्हणजे सांध्याचे हलते रूळ, सरकतात, स्विच सरकतो, फ्रॉगची वीज बदलते. पेकोच्या सांध्यात स्प्रिंग असतेच, ती पात्यांना धरून ठेवते. आवाज ऐका.

(टक. थांबा. टक.)

फ्रॉगच्या पुढे दोन्ही रुळांत प्लॅस्टिकच्या फिशप्लेट, म्हणजे रूळ जोडणाऱ्या पट्ट्या, घालाव्या लागतात, नाहीतर शॉर्ट. ते एकदा झालं. तेव्हा कॅमेरा बंद होता.

खर्च? माल बाहेरचा, वर कस्टम. बिल काकूंच्या समोर उघडलं गेलं नाही.

(दृश्य: रूळ बसलेली फळी. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या.)

आठ वाघिणी, आठ चिठ्ठ्या. त्यातल्या पाच काढायच्या आणि ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं गाडी लावायची. असे क्रम होतात 6720. नात चिठ्ठ्या काढते, काका मणी ओढतात. इंजिन फ्रॉगवरून जातं, त्याच चालीनं. कुणाचं बोट पुढे येत नाही.

“आजोबा, चार नंबर आधी हवी होती. तुम्ही सहा लावलीत.”

“हो का? मग घे परत मागे.”

(टक.)