नऊ नंबरचा वाद

(सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो,

अशोक चौकाजवळच्या एका चहाच्या टपरीवर मी गेली कित्येक वर्षं संध्याकाळी बसतो. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली. दिवसभर आकड्यांत बुडालेल्या माणसाला संध्याकाळी खेळाचं बोलणं लागतं. टपरीवर येणारी पोरं कुणी तेलुगू घरातली, कुणी कन्नड, कुणी उर्दू, कुणी मराठी. एकमेकांशी बोलतात ती आपली सोलापुरी, वाक्यावाक्याला 'बे' लावलेली. विषय एकच, फुटबॉल. त्यातही मॅचपेक्षा ट्रान्सफर जास्त. कोण कुठल्या क्लबात जाणार, कितीला जाणार, घ्यावा की घेऊ नये.

आज मी त्या वादाबद्दलच बोलणार आहे. वाद घालू नका, असं सांगायला मी आलेलो नाही. मी स्वतः लंडनच्या आर्सेनल क्लबचा आहे आणि त्या वादात बरोबरीने ओरडलोय. पण तो वाद आपण कुठे बसून घालतो, याचा विचार माझ्या मनात गेलं वर्षभर घोळतोय.

२०२५ चा उन्हाळा घ्या. आर्सेनल सलग तीन हंगाम प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, दुसरं आलेलं. जानेवारीत गॅब्रिएल जेझुसचा गुडघा गेला, फेब्रुवारीत काई हावर्ट्झची मांडी गेली. पुढे गोल मारायला माणूसच उरला नाही, म्हणून मिकेल मेरिनोला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, स्ट्रायकर म्हणून उभं करावं लागलं. त्याने लेस्टरविरुद्ध बदली येऊन दोन गोल केले, ते आम्ही टपरीवर एका मोबाइलभोवती डोकी घालून पाहिले. पण हंगाम संपताच पहिला प्रश्न हाच होता की नऊ नंबर, म्हणजे गोल मारणारा मुख्य स्ट्रायकर, कोण?

दोन नावं होती. एक व्हिक्टर ग्योकेरेस. स्वीडनचा, सत्तावीस वर्षांचा. इंग्लंडमध्ये ब्रायटनने त्याला नीट संधी दिली नव्हती. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये कॉव्हेंट्रीकडून खेळून तो २०२३ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगकडे गेला आणि तिथे गोलांचा पाऊस पाडला. २०२४-२५ च्या हंगामात लीगमध्ये ३९ गोल, सगळ्या स्पर्धा मिळून ५४. दुसरा बेंजामिन शेश्को. स्लोव्हेनियाचा, बावीस वर्षांचा, उंचापुरा, जर्मनीच्या लाइपझिगकडून खेळणारा. त्याचे सगळे मिळून २१ गोल.

टपरीचे दोन तट पडले. एक म्हणायचा, "चोपन्न गोल आहेत बे, अजून काय पायजे?" दुसरा म्हणायचा, "पोर्तुगालातले गोल ते. पेनल्टी किती त्यात ते मोज की." पहिला सांगायचा की याच माणसाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीला हॅटट्रिक मारली. दुसरा लगेच सांगायचा, त्यातल्या दोन पेनल्टी, आणि त्याच महिन्यात आपण लिस्बनला जाऊन स्पोर्टिंगला पाच-एकने हरवलं तेव्हा आपल्या सालिबा आणि गॅब्रिएल या बचावपटूंनी याला एकही गोल करू दिला नाही. गॅब्रिएलने तर स्वतः गोल मारून ग्योकेरेसचीच ती गोलनंतर चेहऱ्यावर बोटं धरायची खूण करून दाखवली होती. आता ज्याला चिडवलं त्यालाच घरात आणायचं का, असा तो सवाल.

हे सगळं बोलणं चांगलं होतं. यात मॅच पाहिलेली होती, आठवणीत ठेवलेली होती. पण आठवडाभराने वादाची भाषा बदलली. "साडेसहा कोटी युरो सत्तावीस वर्षांच्या माणसावर? पुन्हा विकायची वेळ आली तर काय येणार?" "शेश्को घ्या, पाच वर्षांनी दुप्पट भावाने जाईल." "त्या अमक्याला आधी काढा, पडून राहिलेला माल आहे."

मित्रहो, 'माल' हा शब्द ऐकला आणि मला आमच्या मार्केटमधली गादी आठवली. पांढऱ्या गादीवर शेठ बसलेत, समोर सुताचे नमुने, हातात फोन. ही पोरं तशी गादीवर जाऊन बसली होती. एकाच्याही खिशात परतीच्या रिक्षापुरते पैसे नव्हते, आणि बोलत होती मालकासारखी.

माझं सगळं आयुष्य गादीच्या शेजारी बसून गेलं, म्हणून त्या भाषेतही थोडं सांगतो. ती नीट कळली म्हणजे तिची हद्दही कळते. आमच्याकडे पन्नास लाखांचा माग घेतला तर ते पन्नास लाख एका वर्षाच्या खर्चात टाकत नाहीत. मागाचं आयुष्य धरतात आणि दर वर्षी घसारा लावतात. क्लबही तेच करतात. सहा कोटी युरोला खेळाडू घेतला आणि करार पाच वर्षांचा असला तर वहीत दर वर्षी एक कोटी वीस लाख. म्हणून चेल्सीने जानेवारी २०२३ मध्ये एन्झो फर्नांडेसला दहा कोटी अडुसष्ट लाख पौंडांना घेतलं तेव्हा करार साडेआठ वर्षांचा केला. करार लांबला की दर वर्षाचा आकडा लहान होतो. युएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेने, त्याच वर्षी नियम केला की घसारा फार तर पाच वर्षांत वाटायचा.

हिशेब चुकला तर काय होतं, तेही पाहा. तेव्हा प्रीमियर लीगमध्ये तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपर्यंतच तोटा चालत असे. एव्हर्टनने ती हद्द ओलांडली, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचे दहा गुण कापले. अपिलात ते सहा झाले. मैदानात मिळवलेले गुण वहीतल्या चुकीने गेले.

आणि यातली सगळ्यात दुखणारी नोंद वेगळीच आहे. विकत घेतलेल्या खेळाडूची वहीत काही किंमत शिल्लक असते, ती विक्रीतून वजा होते. क्लबने स्वतः लहानपणापासून वाढवलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य असते. म्हणजे तो विकला की येईल तो सगळा नफा. कॉनर गॅलेगर चेल्सीच्या अकादमीत वाढला. २०२४ मध्ये त्याला अॅटलेटिको माद्रिदला विकलं. ज्याला गॅलरीतली माणसं 'आपला' म्हणतात, तोच हिशेबनीसाला विकायला सगळ्यात सोयीचा वाटतो. मी हिशेबनीस आहे. ती नोंद मलाही तशीच करावी लागली असती, म्हणून टोचते.

मालकाच्या गादीवरून बोलणं सोपं आहे, कारण त्या गादीचं वय मोठं आहे. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ असा नियम होता की खेळाडूचा करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. पगारालाही वरची मर्यादा. १९६१ पर्यंत आठवड्याला वीस पौंड. जॉर्ज ईस्टहॅम नावाचा खेळाडू न्यूकॅसलला होता. त्याला जायचं होतं, क्लब सोडेना. मग त्याने फुटबॉल बाजूला ठेवला आणि चक्क बुचं विकायची नोकरी धरली. पुढे १९६० मध्ये तो आमच्या आर्सेनलमध्ये आला, तरी त्याने कोर्टातली लढाई सोडली नाही, आणि १९६३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की माणसाला असं अडकवून ठेवणं त्याच्या धंद्यावर अन्यायाचं बंधन आहे.

त्यानंतरही तीस वर्षं गेली. बेल्जियममध्ये ज्याँ-मार्क बोसमन. १९९० मध्ये त्याचा लिएज क्लबशी करार संपला. नवा करार दिला तो आधीच्या चौथाई पगाराचा. फ्रान्समधल्या डंकर्कला तो हवा होता, पण करार संपलेल्या माणसासाठीही लिएजला पैसे हवे होते, आणि सौदा फिसकटला. पाच वर्षं तो कोर्टात लढला. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला की करार संपला की युरोपीय संघातला खेळाडू मोकळा. आज ज्याला आपण 'फ्री ट्रान्सफर' म्हणतो, ती बोसमनची देणगी आहे. त्याच्या स्वतःच्या खेळाची वर्षं मात्र त्या खटल्यात गेली.

आपल्या देशातही हे होतंच. कोलकात्यात सत्तर-ऐंशीच्या दशकांत दलबदलाचा मोसम आला की क्लबांची माणसं खेळाडूंना गुपचूप कुठेतरी नेऊन ठेवत, सही होईपर्यंत दुसऱ्या क्लबाच्या हाती लागू नयेत म्हणून. जुनी माणसं हे किस्से रंगवून सांगतात. मी ते ऐकतो तेव्हा मला त्या खोलीत बसवून ठेवलेला मुलगा दिसतो. त्याला विचारलं होतं का कुणी?

म्हणून टपरीवर मी त्या दिवशी बोललो. म्हणालो, पोरांनो, गादी सोडा, पायरीवर या. स्टेडियमच्या पायरीवर बसलेला माणूस काय बघतो? तो बघतो की चेंडू आपल्याकडे आल्यावर हा कुठे उभा राहतो. बचावाला ओढून दुसऱ्यासाठी जागा मोकळी करतो का? चेंडू गेला की मागे धावतो का? आणि सगळ्यात पहिला प्रश्न, हा आला तर बेंचवर कोण जाणार, आणि जो जाणार तो आज काय करतोय जे हा करणार नाही? सूत कितीही उंची असो, आपल्या मागाला चालत नसेल तर दर चार वारांवर तुटतं. हे सोलापूरकराला समजावून सांगायची गरज नाही.

२०१७ मध्ये लिव्हरपूलने रोमाकडून मोहम्मद सलाहला घेतलं, तेव्हा चेल्सीत न चाललेला माणूस म्हणून कितीजणांनी नाकं मुरडली होती. पहिल्याच लीग हंगामात ३२ गोल. चेल्सीत त्याला खेळायला जागाच मिळाली नव्हती; लिव्हरपूलच्या खेळात त्याच्या धावण्याला मोकळं रान मिळालं. जानेवारी २०१८ मध्ये त्याच क्लबने कुटिन्हो बार्सिलोनाला दिला. आपला सगळ्यात कलाकार खेळाडू गेला म्हणून लिव्हरपूलवाले हळहळले. पण त्याच महिन्यात बचावपटू व्हॅन डाइक आला, उन्हाळ्यात गोलकीपर अॅलिसन आला आणि २०१९ मध्ये लिव्हरपूलने युरोपातली सगळ्यात मोठी स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, जिंकली. टीमची फट मागे होती, ती भरली.

वहीतली एक नोंद मात्र मला मनापासून आवडते, ती सांगतो. एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्सफर झाली की फिफाच्या नियमाने फीमधले पाच टक्के बाजूला निघतात. खेळाडू बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांत वाढला, त्यांना ते वर्षांच्या प्रमाणात मिळतात. सोळाव्या वर्षापासून पुढे दर वर्षाला एकूण फीचा अर्धा टक्का, त्याआधी पाव टक्का. समजा उद्या आपल्या पार्क मैदानावर धावणारं एखादं पोरगं इथल्या नोंदणीकृत क्लबात दोन वर्षं वाढलं आणि पुढे कधी दहा कोटी रुपयांना परदेशी क्लबात गेलं, तर सोळा ते अठराची दोन वर्षं मिळून इथे दहा लाख येतील. बूट येतील, चेंडू येतील, जाळी येईल. ट्रान्सफरच्या एवढ्या मोठ्या बाजारात, त्या मुलाला कुणी पहिल्यांदा चेंडू थांबवायला शिकवलं याची आठवण ठेवणारी ही ओळ आहे. फी किती झाली हे ऐकताना माझं मन नेहमी तिथे जातं.

शेवटी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. जुलैत ग्योकेरेस आर्सेनलला आला, ऑगस्टमध्ये शेश्को मँचेस्टर युनायटेडला गेला. त्यानंतर एझे आला. तेराव्या वर्षी आर्सेनलनेच ज्याला अकादमीतून सोडून दिलं होतं, तो एझे आमच्या कट्टर वैऱ्याच्या, टॉटनहॅमच्या, दारापर्यंत जाऊन आमच्याकडे वळला. त्या रात्री मी घरी जाऊन बायकोला उठवून सांगितलं. विंडो, म्हणजे ट्रान्सफरची मुदत, बंद झाली ती १ सप्टेंबरला, गौरीपूजनाच्या रात्री. मंडपात लेझीमचा सराव संपलेला, पोरं घामेजलेली, आणि सगळ्यांचे डोळे फोनवर. न्यूकॅसलचा स्ट्रायकर इसाक साडेबारा कोटी पौंडांना लिव्हरपूलला गेल्याची बातमी आली तेव्हा मंडपात आरडाओरडा झाला तो एखाद्या गोलसारखा.

पण मला सांगायचीय ती त्याच्या आधीची गोष्ट, जूनमधली. शेश्कोच्या बाजूने सगळ्यात जोरात ओरडणारा एक मुलगा आहे, यंत्रमागावर दुसऱ्या पाळीला असतो. त्याला मी म्हटलं होतं, गोलांच्या क्लिपा बाजूला ठेव, ग्योकेरेसची एक अख्खी मॅच बघ, आणि चेंडू त्याच्याकडे नसताना फक्त त्याच्याकडे बघ. चार दिवस तो दिसला नाही. पाचव्या दिवशी पाळी सुटल्यावर थेट टपरीवर आला, केसांत कापसाचे तंतू तसेच. बसलासुद्धा नाही. म्हणाला, "काका, दोन मॅचा बघितल्या. हा माणूस सारखा डावीकडे सरकतो. तिकडूनच पळायला सुरुवात करतो. मग मार्टिनेली कुठं पळणार?" मार्टिनेली म्हणजे आमचा डावीकडून धावणारा.

दुसऱ्या तटातला पोरगा चहाचा ग्लास खाली ठेवून पुढे सरकला. "मार्टिनेली आत येईल की बे. त्यानं डावीकडं ओढलं की मधी जागा होतीच."

"मधी आपला कॅप्टन ओडेगार्ड हाय ना."

"ओडेगार्ड उजवीकडनं येतो."

टपरीवाल्याने बाकड्यावर सांडलेली साखर बोटाने पसरली आणि त्यात त्या दोघांनी मैदान आखलं. मी घड्याळ बघितलं तेव्हा पावणेअकरा झाले होते. फीचा आकडा त्या रात्री कुणाच्या तोंडी आला नव्हता.