मॉनिटर गेला नाही, दिवा गेलाय

(फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. टेबलावरचा हा मॉनिटर मी मुद्दाम बिघडलेलाच आणलाय. पुढच्या रांगेतलं कुणीतरी येऊन बटण दाबा. बघा, बटणाशेजारचा बारीक दिवा निळा झाला, लॅपटॉपलाही मॉनिटर जोडल्याचं कळलं, पण पडदा काळाच. असा मॉनिटर घेऊन माणूस दुकानात येतो तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "हा गेला, नवा केवढ्याला पडेल?" मी उलट विचारते, "गेला, पण कसा गेला?" एकदम गेला, दोन सेकंद दिसून गेला, अर्ध्या तासाने गेला, की वर्षभर लालसर होत होत गेला? बॅकलाइटच्या दुरुस्तीत स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तर मागचं काम बरंच कमी होतं.

एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. समोरचं काचेचं पॅनल मागून आलेला प्रकाश कुठे सोडायचा आणि कुठे अडवायचा एवढंच ठरवतं. उजेड देणारी यंत्रणा वेगळी, ती म्हणजे बॅकलाइट. जत्रेच्या नाटकात रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाली दिव्यांची रांग असते ना, तशी बहुतेक मॉनिटरांत पडद्याच्या खालच्या कडेला दिव्यांची रांग असते. जुन्यांत वर आणि खाली दोन्हीकडे. तो प्रकाश एका जाड, पारदर्शक ॲक्रिलिकच्या पत्र्यात शिरतो, त्यावरच्या ठिपक्यांमुळे पुढे वळतो आणि पांढऱ्या फिल्ममधून पसरून पॅनलच्या पाठीवर पडतो. रांग विझली तरी नट रंगमंचावरच असतात, फक्त आपल्याला दिसत नाहीत.

म्हणून पहिली परीक्षा टॉर्चची. लॅपटॉपवर पांढऱ्या पानावर मोठ्या काळ्या अक्षरांत काहीतरी लिहून ठेवा, खोलीत काळोख करा, आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरका धरा. समोरून धरलात तर टॉर्चचंच प्रतिबिंब दिसेल. हे बघा, इथे कोपऱ्यात... दिसलं का? पुसट, करड्या रंगाची अक्षरं. चित्र तयार होतंय. म्हणजे पॅनल, सिग्नलचा बोर्ड आणि मधली केबल ठीक आहे, बिघाड उजेडाच्या बाजूला आहे. टॉर्चनेही काही दिसलं नाही, तर बॅकलाइटच्या मागे लागू नका. केबल बदला, दुसरा संगणक लावून बघा. आणि हे सगळं करायच्या आधी ब्राइटनेस कुणी शून्यावर नेलेला नाही ना, तेही बघा. हसू नका. घरात लहान मूल असेल तर हेही होतं.

आता मॉनिटर कुठल्या पिढीचा? साधारण 2010 च्या आधीच्या बहुतेक मॉनिटरांत सीसीएफएल असतात, म्हणजे पेन्सिलीपेक्षाही बारीक, दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या काचेच्या ट्यूब. त्या चालायला सहाशे ते हजार व्होल्ट लागतात, पेटताना त्याहून जास्त, आणि हे व्होल्टेज इन्व्हर्टर नावाची पट्टी तयार करते. घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे, हा वेगळा. पुढे एलईडी आले आणि उंच व्होल्टेजचा खेळ संपला. दोन्हींची दुखणी वेगळी, पण दोघांचं अन्न एकाच स्वयंपाकघरात, पॉवर सप्लायमध्ये शिजतं, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त भानगडी तिथेच निघतात.

पॉवर सप्लायमधला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारं नळकांडं. जुने मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणतात. हा बोर्ड हातोहात फिरवा, सुटा आहे, वीज नाही. हिरव्या कॉइलच्या बाजूला तीन काळी नळकांडी आहेत. त्यांच्या डोक्यावर फुलीसारखी खाच आहे. आत दाब वाढला तर नळकांडं फुटू नये, खाचेतून सुटावं म्हणून ती असते. दोघांचं डोकं सपाट आहे. मधल्याच्या डोक्यावरून बोट फिरवा. फुगलंय, कळतं ना? खाचेच्या मध्यावर तपकिरी खपलीही आहे. आतला द्राव बाहेर येऊन सुकला ती.

हा का मरतो, त्याचा हिशेब सोपा आहे. समजा कपॅसिटरवर 105 अंश आणि 2000 तास अशी क्षमता दिलेली आहे. तापमान दर 10 अंशांनी खाली आलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा या क्षेत्रातला ठोकताळा. म्हणजे 65 अंशांवर तो 32000 तास काढेल. रोज आठ तास आणि वर्षाला 300 दिवस चालणाऱ्या ऑफिसात ही झाली तेरा वर्षं. तोच मॉनिटर भिंतीला टेकवून ठेवला, वरच्या जाळीवर फायली रचल्या आणि आतलं तापमान 75 वर गेलं, तर साडेसहा. फायली हलवायला पैसे पडत नाहीत.

फुगलेला कपॅसिटर डोळ्यांना दिसतो. न फुगलेला पण आतून सुकलेला असतो तो फसवतो. साध्या मल्टिमीटरवर त्याची कपॅसिटी बऱ्याचदा ठीक येते, पण आतला रोध, म्हणजे ईएसआर, वाढलेला असतो, तो मोजायला ईएसआर मीटर लागतो. अशा मॉनिटरची कथा नेहमी एकाच चालीत येते, "सकाळी लवकर लागत नाही, फडफडतो, एकदा तापला की दिवसभर चालतो." कपॅसिटर गरम झाला की त्याचा रोध तात्पुरता उतरतो, म्हणून दुपारी सगळं आलबेल.

आता गोव्याची गोष्ट. इथे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जुलै-ऑगस्टात भिंतीला हात लावला तरी ओल लागते. जुन्या, ट्यूबवाल्या मॉनिटरच्या इन्व्हर्टरवर धूळ बसलेली असते, ती ओल शोषते, आणि हजार व्होल्टला तेवढी वाट पुरते. बारीक चरचर ऐकू येते, एक विशिष्ट तिखट वास येतो आणि पडदा विझतो. समुद्रकाठच्या कळंगुट-मोरजीकडून येणाऱ्या मॉनिटरांत धुळीत मीठही असतं, कनेक्टरच्या पिना हिरव्या झालेल्या असतात. आता अडचण बघा. ओलसर बोर्डसुद्धा तापला की सुकतो आणि चालू लागतो! म्हणजे "सकाळी लागत नाही, दुपारी लागतो" ही तक्रार दोन्ही रोगांची. मग ओळखायचं कसं? मी विचारते, "जानेवारीत कसा होता?" थंडीच्या कोरड्या दिवसांतही सकाळी रुसत असेल तर कपॅसिटर. चवथीच्या आगेमागेच त्रास देत असेल तर ओल, आणि तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल नि मऊ ब्रशने बोर्ड साफ करून, पूर्ण सुकवून जोडला की काम भागतं. पावसाळ्यात उबेला येऊन बसणारी पालही मी बोर्डावरून काढलेली आहे. त्याचं वर्णन करत नाही, पुढे चहा आहे.

उघडताना काय करायचं ते सांगते, इथे घाई चालत नाही. प्लग सॉकेटमधून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. आतला मोठा कपॅसिटर, ज्यावर 400 किंवा 450 व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यात 230 व्होल्टची मेन लाइन डीसी होऊन सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरलेली असते, आणि प्लग काढल्यावरही ती राहू शकते. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची पद्धत मला मंजूर नाही. त्यात कपॅसिटरही जातो, कधी बोर्डाची ट्रॅकही जळते. दोन वायरींना जोडलेला 40 वॅटचा जुना पिवळा बल्ब त्याच्या पायांना लावा, मग मीटरने बघा, पाच व्होल्टच्या खाली आल्यावर हात घाला. ज्यांनी आजवर मेनच्या बोर्डावर काम केलेलं नाही, त्यांनी पहिल्यांदा जाणत्या माणसाला शेजारी बसवावं. बाकी चौकट बहुधा स्क्रूवर नसून प्लास्टिकच्या खाचांवर असते. पडदा टॉवेलवर पालथा घाला, जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवत जा.

कपॅसिटर बदलताना कपॅसिटी तीच ठेवा, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, 105 अंशांचा आणि कमी ईएसआरचा घ्या. नुसता "हजार मायक्रोफॅरॅड द्या" म्हणालात तर दुकानदार हाताला येईल तो देईल. काढण्याआधी पट्टीची, म्हणजे ऋण बाजू बोर्डावर मार्करने लिहा, किंवा फोटो काढा. जोडल्यावर पहिल्यांदा सिरीज बल्बमधून, म्हणजे मेन लाइनच्या वाटेतच बल्ब जोडून, चालू करा. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

सप्लाय ठीक असेल तर पुढचा थांबा इन्व्हर्टर किंवा एलईडी ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना वीज पुरवणारं सर्किट. त्याच्या कनेक्टरजवळ बऱ्याचदा बोर्डावरच छापलेलं असतं: एक पिन पुरवठ्याची, एक ग्राउंड, एक ऑन-ऑफची, एक डिमची. मॉनिटर चालू केला की ऑनच्या पिनेवर तीन ते पाच व्होल्ट यायला हवेत. आलेच नाहीत तर सिग्नलचा बोर्ड दिवे लावायला सांगतच नाहीये. आले, पण पुरवठा बारावरून आठावर कोसळतोय, तर परत कपॅसिटर. दोन्ही ठीक आणि काळोखच, तर ड्रायव्हरवरचा तांदळाच्या दाण्याएवढा फ्यूज मीटरच्या बझरवर तपासा, आणि तो उडाला असेल तर का उडाला ते शोधल्याशिवाय नवा टाकू नका.

दोन सेकंद दिसून जाणारा मॉनिटर सगळ्यात बोलका. ट्यूबच्या मॉनिटरमध्ये इन्व्हर्टरवरची चिप प्रत्येक ट्यूबचा करंट बघत असते. एखादी जरी ट्यूब पेटली नाही, किंवा ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं तुटलं, की ती सगळ्या ट्यूब बंद करते. अशा वेळी ऑनच्या पिनेवर मीटर ठेवून बघा: व्होल्टेज टिकून आहे आणि उजेड गेला, तर इन्व्हर्टरने स्वतःहून हात आखडते घेतले. मग चांगली असल्याची खात्री असलेली ट्यूब पाळीपाळीने प्रत्येक जागी लावायची. जिच्या जागी ती लावल्यावर उजेड टिकतो, ती ट्यूब खराब. काही लोक चिपची करंट बघणारी पिन उचलून संरक्षणच मारून टाकतात. मॉनिटर चालतो. पण अर्धवट ट्यूबवर ट्रान्सफॉर्मर तापत राहतो, आणि मॉनिटर शाळेच्या लॅबमध्ये, लाकडी टेबलावर, माणूस नसताना चालू असतो. मी असं काम करत नाही आणि केलेलं दिसलं तर परत काढते.

एलईडीत गोष्ट थोडी बदलते. एकेक एलईडी साधारण तीन व्होल्टचा, ते माळेत ओवलेले, दहा असतील तर तीस व्होल्ट. ड्रायव्हर सप्लायचं व्होल्टेज वाढवून माळेला पुरवतो. त्याच्या आउटपुटवर मीटर लावा: सप्लायएवढंच व्होल्टेज दिसलं तर ड्रायव्हर कामच करत नाहीये, एकदम खूप वर जाऊन पडलं तर माळेत कुठेतरी एक एलईडी तुटलाय आणि करंटला वाट नाही. पडद्याच्या खालच्या कडेला एखादाच अंधारा पट्टा असेल तरी संशय माळेवरच.

(यानंतरची काही प्रश्नोत्तरं.)

मागच्या काकांनी विचारलं, एलईडीची पट्टी घरी बदलता येईल का. काका, पट्टी स्वस्त आहे, कसरत पॅनल उचलण्यात आहे. त्याच्या कडेच्या रिबनला ताण बसला की पडद्यावर कायमची उभी रेघ येते, मग उजेड आला तरी उपयोग नाही. फिल्मचा क्रम आणि बाजू लिहून ठेवावी लागते, बोटाचा ठसा उमटला तर तो पांढऱ्या पानावर रोज दिसतो. आणि पावसाळ्यात रात्री दिव्याखाली हे काम करू नका, किडे थेट फिल्मच्या मध्ये शिरतात. 24 इंची चांगला मॉनिटर असेल तर करण्यासारखं. 17 इंची जुन्यासाठी मी करणार नाही.

जुना मॉनिटर लालसर, मळकट दिसतो, त्याचं काय? ट्यूब म्हातारी झाली. तिचं आयुष्य साधारण तीस ते पन्नास हजार तास. इन्व्हर्टर बदलून रंग परत येत नाही. ट्यूबच्या जागी एलईडीची पट्टी आणि छोटा ड्रायव्हर बसवायचा संच मिळतो, पण उघडण्याची कसरत तीच.

मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात काय करावं, असं या ताई विचारतायत. प्लग सॉकेटमधून काढा आणि इंटरनेटची तांब्याची वायरही काढा. वीज तिकडूनही येते, हे लोक विसरतात.

आणि शेवटचा प्रश्न, काढलेल्या ट्यूब कुठे टाकायच्या. त्यांत थोडासा, काही मिलिग्रॅम, पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा, झाडूने न झाडता ओल्या कागदाने टिपा आणि झाकणाच्या बरणीत ठेवा. अख्खा मॉनिटर द्यायचा असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, तो तांब्यासाठी फोडतो आणि ट्यूब तिथेच चिरडल्या जातात. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, त्यांत नोंदणी झालेला रिसायकलर असतो. नवा मॉनिटर घेताना दुकानदाराला विचारा, ही कंपनी जुना परत घेते का. पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत मात्र तो टाकू नका.