आधी दार पाहा, मग नाव सांगा
(मुंबईतील किनारप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, हिवाळ्यात ओहोटीला बँडस्टँडच्या किंवा हाजी अलीच्या खडकांवर उतरलात, की सरगॅसम, पॅडिना, उल्वा अशी समुद्री शेवाळं सहज हाताला लागतात. त्यांचं एखादं पान उलटून बघा. मच्छरदाणीचा चिमुकला तुकडा चिकटावा तसा पांढरट पापुद्रा कधी कधी दिसतो. मीठ सुकलंय किंवा बुरशी आलीय असं समजून आपण पुढे जातो. पण तिथे ब्रायोझोआंची, म्हणजे एकमेकांना चिकटून राहणाऱ्या चिमुकल्या जलचर प्राण्यांची, वसाहत असू शकते. त्या जाळीतली प्रत्येक खोली जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, आणि प्रत्येकीत एक प्राणी.

आता ही जात कोणती? माझा आग्रह एकच आहे: वसाहतीच्या आकारावरून नाव ठरवू नका. तीच जात अरुंद फांदीवर पट्टीसारखी वाढते आणि रुंद पानावर गोल पसरते. काट्यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. थंड समुद्रातल्या केल्पवर, म्हणजे मोठ्या तपकिरी शेवाळांवर, मेंब्रानिपोरा मेंब्रानेसिया ही ब्रायोझोआची जात राहते. तिला खाणारी समुद्री गोगलगाय आसपास आली, की पाण्यात उतरलेल्या तिच्या रसायनांची चाहूल लागते आणि वसाहतीच्या कडेच्या खोल्यांना काटे फुटतात. गोगलगाय नसेल तर काटेही नसतात. जात तीच!

म्हणून खोली बघायची, आणि खोलीत आधी दार, म्हणजे प्राणी जिथून बाहेर डोकावतो ते तोंड. पान बशीभर समुद्राच्या पाण्यात ठेवा, धक्का न लावता थांबा आणि दहापट भिंग लावा. थोड्या वेळाने खोल्याखोल्यांतून शुंडकांचे, म्हणजे अन्न पकडणाऱ्या बारीक बाहूंचे, पारदर्शक मुकुट बाहेर येतात. बशी जरा हलली, की क्षणात सगळे आत. मला हे दृश्य अजूनही कितीही वेळ बघवतं.

खोली नळीसारखी, चुन्याची आणि तोंड गोल, बिनझाकणाचं असेल तर तो गट सायक्लोस्टोमाटा. चुनाच नाही, सगळं मऊ असेल तर टेनोस्टोमाटा. दाराला उघडझाप करणारं झाकण असेल तर चिलोस्टोमाटा. शेवाळावरचे बहुतेक पापुद्रे याच गटातले. इथपर्यंत भिंग पुरतं.

खरी मेहनत पुढे आहे. समोरची भिंत नुसत्या पडद्याची आहे की चुन्याच्या पत्र्याची? पत्र्याला छिद्रं कुठे आहेत? दाराच्या वर अंडी सांभाळणारा घुमट आहे का? काही जातींत एखादा प्राणी पूर्ण बदलून पक्ष्याच्या चोचीसारखा चिमटा बनतो. तो जेवत नाही, नुसता उघडमिट करतो. बीगल जहाजावरच्या प्रवासात डार्विननेही या चोची निरखल्या होत्या. वसाहत जिथून सुरू झाली ती पहिली खोलीही शोधा. बहुतेक चिलोस्टोमाटांत ती एकटी असते. मेंब्रानिपोरात मात्र जुळी. गरम समुद्रात तरंगणाऱ्या सरगॅसमवर जेलीएला ट्युबरक्युलाटा वाढते, तिचीही सुरुवात जुळ्याच खोल्यांनी होते, आणि खोलीच्या कोपऱ्यांत दोन उंचवटे असतात.

दार किती महत्त्वाचं, याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. 1869मध्ये निसर्ग अभ्यासक फर्डिनांड स्टॉलिझ्का यांनी बंगालमधल्या पोर्ट कॅनिंगच्या मचूळ पाण्यातून मेंब्रानिपोरा बेंगालेन्सिस ही जात नोंदवली. पुढे ती इलेक्ट्रा या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) गेली आणि आता आर्बोपर्क्युला या प्रजातीत मानली जाते. दाराच्या झाकणावर फांद्या फुटल्यासारखे काटे हे तिचं खास लक्षण. भिंतीचा नुसता पडदा बघून ती ओळखता आली नसती.

फोटोखाली घाईने जातीचं नाव लिहू नका. झाकण दिसलं तर ‘चिलोस्टोमाटा’ लिहा आणि तिथेच थांबा. ती नोंद पक्की असते. चुकीचं नाव मात्र एका यादीतून दुसरीत जात राहतं. सोबत शेवाळ कोणतं, पानाची बाजू कोणती, जागा आणि तारीख लिहा. जिथे परवानगी आहे तिथे नखाएवढेच दोन तुकडे घ्या. एक अल्कोहोलमध्ये ठेवा, त्यातून डीएनए काढता येतो. दुसरा वाळवा. प्रयोगशाळेत ब्लीचने त्याचं मांस काढलं, की उरलेल्या सांगाड्यावरची छिद्रं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजता येतात.