नळीने आखलेली पूररेषा

सांगली, गावभाग. ही भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपारनंतर ती इतकी तापते की ब्रश टेकताच रंग सुकतो आणि जोड दिसतात. म्हणून तिच्यावर पूर आणि टंचाईचं चित्र काढणाऱ्या बायका सकाळी सातलाच परांचीपाशी हजर असतात. पण रंगाचा डबा अजून उघडलेला नाही. आधी पूररेषा आखायची आहे.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गल्लीच्या टोकाच्या घरावर त्या पुराची खूण आहे, ती इथवर आणायची. टेपने ते जमत नाही. गल्लीला उतार आहे, जमिनीपासून मोजलं की चुकलंच. हवी गवंड्याची लेव्हल नळी. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक जुन्या खुणेशी धरायचं, दुसरं या भिंतीशी. टोकांवरचे अंगठे काढले की पाणी हलतं, डुलतं, मग ठरतं. ठरलं तिथे खूण. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर रेघ चार बोटंही चुकू शकते. त्यामुळे पाणी सावकाश भरतात आणि टिचक्या मारून बुडबुडे वर काढतात. मग निळीत बुडवलेलं सूत ताणून झटका दिला, की सरळ निळी रेघ उठते.

आपल्या दारात पाणी कुठवर होतं, हे ज्याने पाहिलंय त्याच्यासमोर ही रेघ काढली जाते. ती अंदाजाने काढून चालणार नाही.

रेघेखालची भिंत मात्र दगा देते. जमिनीतली ओल वर चढते, क्षार बाहेर आणते, पांढरा खार फुटतो. तो धुवायचा नाही. पाण्यात विरघळून तो परत भिंतीत मुरतो. कोरड्या तारेच्या ब्रशने खरवडायचा. मग हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून दव दिसलं, तर काम थांबवायचं. घाईत ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते, फुगे येतात, पोपडे सुटतात. इथे एक हात बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि दोन हात अ‍ॅक्रिलिक इमल्शन.

कागदावरच्या चित्रातली एक इंचाची चौकट भिंतीवर एक फुटाची होते. पुराचं पाणी निळं नाही. पिवळा ऑक्साइड, थोडा तांबडा, किंचित काळा: कृष्णेचा गढूळ रंग असा जुळतो. ऑक्साइडचे रंग उन्हात टिकतात, हाही फायदा. स्टेनर, म्हणजे इमल्शनमध्ये मिसळायचा दाट रंग, मात्र जास्त पडला, तर सुकल्यावरही रंग हाताला लागतो.

रेघेच्या वर जत-आटपाडीकडचा कोरडा माळ, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे. पहिल्या फेरीत १० वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. चित्रातही दहाच आहेत. पूर आणि टंचाई एकाच जिल्ह्यात आहेत, मग त्या एकाच भिंतीवर हव्यातच.

तळाचा दीड फूट इमल्शनशिवाय ठेवलाय. तिथे फक्त चुना, त्यात डिंकाचं पाणी. चुन्यातून ओल बाहेर पडते. पावसाळ्यात हा पट्टा डागाळणार. दर दिवाळीआधी तो खरवडून पुन्हा मारायचा.